राखेची मूठ

"पी असं कोन सांगतंय तुना? नुसतं बघ," रूपेश म्हणाला आणि त्यानं पाण्याची काचेची बरणी आईच्या पुढ्यात सरकवली.

चंद्रकांतानं बरणीला हात लावला नाही. आधी तिनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग बरणीकडे आणि मग पुन्हा पोराच्या तोंडाकडे. दांडीच्या किनाऱ्यावर मासळी पारखण्यात उभा जन्म गेलेली बाई ती. मासा बघायच्या आधी ती विकणाऱ्याचा चेहरा बघायची. चेहरा फारच ताजा दिसला तर मासा शिळा आहे असं खुशाल समजावं, हे तिचं ठाम मत होतं. आणि आत्ता रूपेशचा चेहरा भलताच ताजा दिसत होता.

थोड्या वेळापूर्वी ह्याच बरणीत लालभडक पाणी होतं. ते रूपेशनं कंपनीतून बाटलीत भरून आणलं होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता. तिथलं घाण पाणी साफ करण्याच्या टाक्यांवर तो कामाला होता. त्या लाल पाण्यात त्यानं डब्यातून आणलेली करडी राख ओतली, काठीनं बराच वेळ ढवळली आणि बरणी ओट्यावर ठेवून दिली. राख हळूहळू खाली बसली. वर जे पाणी उरलं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ होतं.

"कोलशाची राख हाय आये. आमच्याच बॉयलरची," रूपेश सांगत होता. "आदी ही राख टाकायची कुटं म्हनून बोंब होती. पानी साफ करायची पावडर महाग, म्हनून शेट ती पन हात राखून वापरायचा. आता नवा सायेब आलाय. तो बोलला, राखच वापरा. रंग राखेत बसते, पानी मोकलं होते. फुकटात काम."

चंद्रकांतानं बरणी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"वास नाय येत."

"नाय ना? तेच तर सांगतंय मी!"

"म्हनूनच शंका येते. कंपनीच्या पान्याला वास नाय म्हंजे वास मारायला आनिक कायतरी घातला असंल त्यांनी."

रूपेशनं कपाळावर हात मारला.

आता तिला तरी काय दोष द्यायचा? तिचा नवरा दामू खाडीत जाळं लावायचा. एके सकाळी खाडीचं पाणी तांबडं झालेलं होतं आणि शिंगाळ्या पांढरी पोटं वर करून किनाऱ्याला लागल्या होत्या. तेव्हाही कंपनीचा एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस गावात येऊन गोड बोलून गेला होता. त्यानंतर दामूच्या जाळ्यात मासळीपेक्षा काळा चिखलच जास्त यायला लागला. जाळं गुंडाळून ठेवलेला माणूस घरात किती दिवस बसणार? दामू बसला, खंगला आणि गेला. आणि ज्यांनी खाडी खाल्ली त्यांच्याच दारात पोरगा डबा घेऊन जायला लागला. पोट कोणाला चुकलंय म्हणून चंद्रकांता गप्प राहिली, पण कंपनी ह्या शब्दावर तिचा जो राग बसला तो बसलाच.

तसा तिचा संशय फक्त कंपनीपुरता नव्हता. दूधवाल्याच्या दुधावर, बर्फवाल्याच्या बर्फावर, डॉक्टरच्या गोळ्यांवर, सगळ्यांवर तो सारख्या प्रेमानं असायचा. बोईसरच्या बाजारात तिचं नाव झालं तेच मुळी ह्या संशयापायी. काही विक्रेते शिळ्या माशाच्या कल्ल्यांना रंग चोपडतात, ही गोष्ट गिऱ्हाइकांना उघडपणे सांगणारी ती एकटीच. नुसतं सांगून ती थांबत नसे. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करायचं, कल्ल्याला घासायचं आणि बघायचं. विटकरी डाग पडला तर रक्त, राणी रंगाचा डाग पडला तर लबाडी. ही युक्ती तिनं बाजारभर शिकवून ठेवली होती. बाकीच्या बायका त्यामुळे तिच्यावर दात धरून होत्या. पण गिऱ्हाइकं तिच्या टोपलीभोवती गोळा व्हायची. आणि गंमत अशी की चंद्रकांतामावशीचा मासा मात्र कोणी कधी पुसून बघत नसे.

त्या संध्याकाळी पाण्याबद्दल तिचं मत तसूभर बदललं नाही. पण डब्यात उरलेली राख तिनं दोन बोटांत घेतली आणि चोळून बघितली.

"राख मात्र झ्याक हाय हां. पिठावानी. मना आन ना थोडी."

मासेवालीला राख कशाला हवी, हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. वाम हा मासा सापासारखा लांब आणि अंगभर बुळबुळीत असतो. नुसत्या हातानं धरला तर तो हातात राहत नाही आणि विळीवर बोट जातं. म्हणून मूठभर राख घ्यायची, वामेच्या अंगाला चोळायची, की पकड बसते आणि बुळबुळीतपणाही निघतो. ह्याला दांडीच्या बायका राखेची मूठ म्हणायच्या. पूर्वी घरोघरी चुली होत्या, राखेला तोटा नव्हता. मग सिलिंडर आले. मधली काही वर्षं बोईसरची एक बेकरी राख द्यायची, तिनंही अलीकडे गॅसची भट्टी बसवली. बायका आता वाळूनं, मिठानं, गोणपाटाच्या तुकड्यानं काम भागवत होत्या आणि बोटं कापून घेत होत्या.

रूपेशचा चेहरा बदलला. "नको. ती माशाला वापरायची नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय. ती चुलीची राख नाय, कोलशाची हाय. आनि कंपनीचा माल हाय, बाहेर काडायला बंदी हाय."

"आत्ता तर फुकट हाय बोललास. टाकायची कुटं म्हनून बोंब होती बोललास."

"आये, नको म्हटलं ना!" तो एकदम खेकसला, डबा आणि बरणी उचलून पिशवीत भरू लागला.

चंद्रकांताच्या मनात पाल चुकचुकली. जी वस्तू काल टाकाऊ होती ती आज द्यायला पोरगा का कू का करतो? नक्कीच शेटनं राखेला गिऱ्हाईक गाठलंय. चांगली वस्तू दिसली की कंपनीवाले मुठी आवळतात आणि घाण तेवढी गावाला देतात. आणि आपला पोरगा त्यांचीच री ओढतोय, ह्याचं तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रूपेश पाळी संपवून काही कामानं पालघरला गेला आहे हे बघून, ती दोन रिकाम्या गोण्या पदराखाली घेऊन रिक्षानं कारखान्याच्या फाटकावर हजर झाली. फाटकावर बबलू नावाचा बिहारचा वॉचमन होता. तो तिला ओळखत होता, कारण रूपेश डबा विसरला की तीच घेऊन यायची. शिवाय तिच्या हातचे सुके बोंबील त्यानंही खाल्ले होते.

"मौसी, रूपेश तो छुट्टी करके गया।"

"मालूम हाय रे. थोडा राख मंगता हाय. मच्छी धरनेको."

"राख? ले जाओ ना, राख का क्या है. पीछे जाओ, बॉयलर के पास पड़ा है।"

कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन ढीग होते. एक बॉयलरच्या शेडपाशी, उघडाच. तिनं मूठभर उचलून चोळली. खरखरीत, मध्ये कोळशाचे खडे. दुसरा ढीग टाक्यांच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला होता. त्याच्यावर ताडपत्री घातली होती आणि ती उडू नये म्हणून कडेनं विटा ठेवल्या होत्या. चंद्रकांता जागच्या जागी हसली. झाकून ठेवलेली वस्तू ही चांगली वस्तू, हे कळायला काय शाळा शिकावी लागते? खडे गावाला आणि मऊ राख शेटला! तिनं एक वीट सरकवली, ताडपत्री उचलली आणि हात घातला. राख मऊ, सुकी, भुरभुरीत होती. मावळत्या उन्हात जराशी लालसर वाटली, पण त्या वेळी भिंतसुद्धा लालसर दिसत होती. तिनं वास घेतला. काही नाही. मग तिनं दोन्ही गोण्या दाबून भरल्या, ताडपत्री होती तशी सारखी केली आणि वीट पुन्हा जागेवर ठेवली.

त्या दिवशी घरी परतताना तिला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. पोरानं नाही म्हटलं, तरी तिनं स्वतः जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या बोटांनी पारखून माल आणला होता. गल्लीत शिरल्याबरोबर तिनं बायकांना हाका घातल्या. शेजारची सपना, तिची सासू, कोपऱ्यावरची हेतल, जी कोणी वाम साफ करते तिला तिनं डबा डबा राख वाटली.

"कुटून आनली काकी?" सपनानं विचारलं.

"मी सवता निवडून आनली. दोन ढीग होते, त्यातला चांगला बघून. डोले मिटून वापर."

उदारपणाच्या भरात ती ठकीच्या दारातही गेली. ठकी आणि चंद्रकांता बाजारात जवळजवळ बसायच्या. पूर्वी कधीतरी चंद्रकांतानं भर बाजारात ठकीच्या सुरमईचा कल्ला रुमालानं पुसून दाखवला होता, तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे सुरी आणि विळी. ठकीनं पिशवी घेतली, आत बघितलं, चंद्रकांताकडे बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणून दार लावून घेतलं.

सकाळी बाजार भरला. चंद्रकांतानं टोपली लावली, बाजूला राखेचा डबा ठेवला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून रेल्वेच्या क्वार्टरमधला एक जण आला. नेहमीचाच, पण नाव तिला कधी कळलं नव्हतं. त्याला वाम हवी होती. तिनं राखेची मूठ भरली, ओल्या वामेला चोळली आणि काय पकड बसली! वाम हातात काठीसारखी उभी राहिली. सपासप तुकडे पाडून, बादलीत एकदा बुचकळून तिनं ते पिशवीत दिले. बादलीतलं पाणी मासळीच्या रक्तानं आधीच लाल होतं, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मग दीपाली आली. ही बोईसरच्या एका शाळेत शिकवायची आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाच्या टोपलीकडे ढुंकूनही बघत नव्हती. आज तिच्यासोबत तिची नणंद हेमाली होती, नाशिकहून आलेली.

"मावशी, रावस दाखवा. चांगला मोठा. पाहुणी आहे आज."

चंद्रकांतानं कल्ल्यात बोटं घालून रावस उचलला आणि फळीवर ठेवला. तेवढ्यात दीपालीला हुक्की आली.

"थांब, तुला गंमत दाखवते," ती नणंदेला म्हणाली. "ताजा मासा कसा ओळखायचा ते. मावशींनीच शिकवलंय मला. पुसू ना मावशी?"

"पूस की! कोन नको बोलतंय?" चंद्रकांतानं हौसेनं कल्ला उघडून धरला.

दीपालीनं पर्समधून पांढरा रुमाल काढला, टोक बादलीशेजारच्या चांगल्या पाण्यात भिजवलं आणि कल्ल्यावर घासलं. हसत हसतच तिनं रुमाल नणंदेपुढे धरला. रुमालावर डाग पडला होता. विटकरी नव्हे. लग्नातल्या शालूसारखा लखलखीत राणी रंग.

हेमालीनं निरागसपणे विचारलं, "म्हणजे ताजा आहे ना?"

चंद्रकांताच्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. "असं कसं व्हईल?" ती म्हणाली. "माजा रावस हाय हा. मी सवता बोटीवरून उचललाय." आणि मग तिची नजर ठकीवर गेली. "ठके! काय चोपडलंस ग माज्या माशाला? मी पानी आनाया गेले तवा तूच इथं बसली होतीस ना?"

"माजा हात तरी लागला का तुज्या टोपलीला?" ठकी उसळली. "समद्या बाजारानं बघितलंय, मी हलले पन नाय. आता तुजंच बिंग फुटलं तर माज्यावर कशाला ढकलते?"

आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी हसलं. चंद्रकांतानं बर्फवाल्याला शिव्या घातल्या, नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या, बोटवाल्याचं नाव घेतलं. ती जितकी तावातावानं बोलत होती तितकी माणसं एकमेकांकडे बघत होती. आपण आजवर पकडलेले सगळे लबाड अस्सेच बोलले होते, हे तिला बोलता बोलताच जाणवलं आणि तिची जीभ अडखळली.

दीपाली एक शब्दही वाकडं बोलली नाही. तिनं रुमालाची घडी घातली, डाग आत राहील अशी, आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

"राहू दे मावशी आज," ती हळूच म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर चंद्रकांताला बरं वाटलं असतं.

दुपारच्या आत टोपली उचलून ती घरी आली. भरलेली टोपली परत आणण्याची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. मोरीत बसून तिनं हात धुवायला घेतले. नखांत अडकलेली राख भिजली आणि बोटांच्या टोकांवरून गुलाबी पाणी वाहायला लागलं. ती बघतच राहिली. मग तिनं राखेचा डबा ओढला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि बोटानं ढवळलं. पाणी राणी झालं.

रूपेश पाळी संपवून आला तेव्हा ती तशीच मोरीच्या कट्ट्यावर बसलेली होती. त्यानं डबा बघितला आणि तो उचलून उजेडात धरला.

"कुटून घेतलीस? आये, खरं सांग. ताडपत्रीखालची?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"अगं, ती वापरलेली राख हाय! टाकीतून काडून सुकत घातलेली. पान्यातला रंग, विष, जे काय असंल ते समदं तिच्यात बसलंय. सुकून परत भिजली की सोडते ती रंग. तुना मी त्या दिवशी बरनी दाखवली ना? मग रंग गेला कुटं वाटलं तुना?"

आता खरं सांगायचं तर चंद्रकांताला हा प्रश्न पडायलाच हवा होता. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणारी बाई ती. पण पाण्यावर संशय घेता घेता राखेवर घ्यायचा राहूनच गेला. राख म्हणजे चुलीतली, आगीतून निघालेली. तिच्या आजीनं राखेनं भांडी घासली, आईनं राखेनं मासे धरले, दामूच्या कपाळाला राखच लावली. राखेत काही खोट असू शकते, हे तिच्या मनाच्या कुठल्याही कोपऱ्यात नव्हतं.

"मी नको म्हटलं होतं," रूपेश म्हणाला.

"नको म्हटलंस. विष हाय असं का नाय म्हटलंस?" तिचा आवाज चढला. "कंपनीचा माल हाय म्हटलंस. बंदी हाय म्हटलंस. खरं का नाय बोललास?"

रूपेश खाली बघायला लागला. "ढीग तिथं पडलाय हे गावात कललं तर बोंबाबोंब झाली असती. सायेब बोलला, आधी पानी दाखवा लोकांना. राखेचं मागाहून बघू. सिमेंटमदी घालून तिच्या विटा पाडनार हायेत, आत कोंडून टाकनार, असं बोलतंय तो." मग तो जरा थांबून म्हणाला, "आनि विष हाय असं सांगितलं असतं तरी तू मानलं असतंस? मी बोललेलं तू कवा मानलंस आये?"

दोघंही गुलाबी पाण्याच्या डब्याकडे बघत बसली. बराच वेळ तिला फक्त स्वतःची लाज वाटत होती. मग एकदम तिच्या डोळ्यांपुढे सपनाचा ओटा आला, हेतलची विळी आली, आणि ती ताडकन उठली.

ती पहिल्यांदा सपनाकडे गेली. सपनाची सासू दारात बसून वामच साफ करत होती.

"टाक ती राख. हात धू. मासा पन टाक," चंद्रकांता धापा टाकत म्हणाली. "इखारी हाय. कंपनीचा रंग हाय तिच्यात."

म्हातारीनं मान वर केली. "काल तर डोले मिटून वापर बोललीस."

"चुकलं माजं. दे ती परत."

"परत कशाला?" सपना आतून बाहेर आली. "टाकायची तर आमी टाकू खाडीत. परत नेऊन तू काय करनार? का पोराच्या कंपनीनं इकायला काडली?"

"खाडीत नको ग! म्हनून तर नेते." तिनं डब्यात पाणी ओतून दाखवलं. पाणी रंगलं तेव्हा सपनाचा चेहरा उतरला. तिनं राख दिली, पण देताना चंद्रकांताच्या नजरेला नजर मात्र दिली नाही. पुढच्या दारात पुन्हा तेच. हेतल म्हणाली, कोणाला जास्त दिली म्हणून आमच्याकडून काढून घेतेस? एका घरी तर, राख कधीच संपली, असं सांगून दार लोटलं गेलं, आणि दाराच्या फटीतून तिला डबा दिसत होता. चंद्रकांता त्या दारात तशीच उभी राहिली. दुसऱ्याचा शब्द खरा न मानण्यात सगळं आयुष्य गेलं, आणि आज आपलं खरं कोणाच्या गळी उतरत नाही. शेवटी आतून डबा बाहेर ढकलला गेला.

ठकीचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सकाळी भर बाजारात तिच्यावर आळ घेतला होता. आता तिच्याच दारात जाऊन चूक कबूल करायची म्हणजे पाय उचलत नव्हता. पण ठकीच्या घरात तिची नातवंडं होती.

ठकीनं दार उघडलं. चंद्रकांतानं सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. ठकी ऐकत राहिली. मग आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवीची गाठ काल जशी मारलेली होती तशीच होती.

"मी उघडलीच नाय," ठकी म्हणाली. "तू फुकट दिलीस ना, तवाच मना शंका आली."

चंद्रकांताला आधी रडू आलं आणि मग, काय करणार, हसूच फुटलं. आपल्यावर घेतलेल्या संशयाबद्दल एखाद्या माणसाचे पाय धरावेसे वाटतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"सकालचं माफ कर ठके."

"बघू," ठकी म्हणाली आणि दार लावलं. पण ह्या वेळी जरा हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी गोळा केलेली राख गोण्यांत भरून ती रूपेशबरोबर कारखान्यात गेली. बबलूनं फाटक उघडलं आणि डोळे विस्फारले.

"मौसी, यहाँ से सब ले जाते हैं. वापस लाते किसी को नहीं देखा।"

तिनं स्वतःच्या हातांनी गोण्या ताडपत्रीखाली रिकाम्या केल्या, त्या रिकाम्या गोण्याही तिथंच कोंबल्या आणि विटा ठेवल्या. आधी होत्या त्याहून जास्त. मग ती रूपेशकडे वळली.

"ईट पाडतील तवा मना बोलव."

"तू कशाला?"

"बघाया. तुमचा सायेब बोलतंय म्हनून मी मानू?"

रूपेश ओशाळवाणा हसला. "बोलवतो," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुढे म्हणाला, "शपथेवर." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. ह्या खेपेला चेहरा ताजा नव्हता, दमलेला होता. तिला तो थोडा खरा वाटला.

रविवारी ती बाजारात जाऊन नेहमीच्या जागेवर बसली. राखेचा डबा नव्हता. वामेला धरायला गोणपाटाचा तुकडा घेतला होता आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. टोपलीच्या कडेला तिनं एक पांढरं फडकं, स्वच्छ धुतलेलं, उलगडून ठेवलं होतं आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

रेल्वे क्वार्टरवाला येताना दिसला तशी ती उठून त्याच्याकडे धावली. सगळा प्रकार त्याला सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं. "आम्ही धुऊन खाल्ली मावशी. काही झालं नाही," तो म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला. तो मात्र दोन पावलं पुढे जाऊन ठकीच्या टोपलीपुढे बसला. ठकीनं चंद्रकांताकडे चोरून पाहिलं आणि खाली मान घालून मासे दाखवायला लागली.

ऊन चढत गेलं. ओळखीची माणसं दुरून जात होती. कोणी नमस्कार करत होतं, कोणी फोनवर बोलत असल्यासारखं करत होतं. मग दीपाली आली. ती एकटीच होती. टोपलीपुढे जराशी घुटमळली.

"राख लागली होती कंपनीची," चंद्रकांता म्हणाली. "मीच आनली, मीच लावली. कोनी चोपडलं नव्हतं."

"असू दे मावशी. हलवा आहे का?"

चंद्रकांतानं हलवा फळीवर ठेवला, कल्ला उघडला आणि फडक्याचं टोक भिजवून तिच्यापुढे धरलं.

"राहू द्या हो," दीपाली संकोचली. "तुमच्याकडे काय पुसून बघायचं?"

"पूस."

"मावशी..."

"पूस म्हनते ना. आदी पूस, मग घे."

दीपालीनं पुसलं. फडक्यावर फिका विटकरी डाग उमटला, बाकी काही नाही. ती हसली, तिनं हलवा कापून घेतला आणि पिशवीत ठेवला. "येते मावशी," म्हणून ती निघाली.

चंद्रकांता तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती. बाजाराच्या टोकाला, नारळवाल्याच्या गाडीपाशी, दीपाली थांबली. मावशी बघत नाही अशा समजुतीनं तिनं पिशवीचं तोंड उघडलं आणि नाक आत नेऊन वास घेतला. मग हलव्याचा एक तुकडा बाहेर काढून दोन्ही बाजूंनी उजेडात नीट निरखला.

बरोबर करत होती. तसंच करायला चंद्रकांतानं तिला शिकवलं होतं. चंद्रकांतानं फडकं तांब्यातल्या पाण्यात खळबळून पिळलं आणि पुन्हा टोपलीच्या कडेला पसरून ठेवलं.